मनीला करमेना

जळगावच्या आमच्या फ्लॅटमध्ये सोमवार ते शुक्रवार तीन मुली आणि एक उंदीर राहायचे. शनिवार-रविवारी एक मुलगी आणि एक उंदीर.

ती एक मुलगी म्हणजे मी. शबाना भुसावळची, तिचं घर गाडीने अर्ध्या तासावर. पल्लवी असोद्याची, तिचा भाऊ शनिवारी दुपारी मोटारसायकल घेऊन खाली हॉर्न वाजवायचा. दोघी गेल्या की मी दार लावायची आणि पंख्याचा आवाज ऐकत बसायची. माझं गाव धुळ्याच्या पलीकडे. तसं फार लांब नाही, पण मला जाता येत नव्हतं. कारण माझं तोंड!

झालं असं, की नाना (माझे वडील) म्हणत होते, धुळ्यातच कॉलेज कर, रोज घरी येशील. मी दोन दिवस जेवले नाही. शेवटी ते कबूल झाले, तेव्हा निघताना मी सगळ्या गल्लीसमोर जाहीर केलं, "आता दिवाळीशिवाय येणार नाही. मला काही घराची आठवण येत नसते." नाना नुसते हसले. पहिल्याच आठवड्यात मला त्या हसण्याचीसुद्धा आठवण यायला लागली. पण आता सांगणार कुणाला आणि कुठल्या तोंडाने?

अशा वेळी उंदीर आला. एका शनिवारी कपाटाखालून निघाला, खोलीच्या मधोमध बसून माझ्याकडे पाहिलं आणि पल्लवीचा वेफर्सचा पुडा फोडायला घेतला. मी कॉटवर चढून घरी फोन लावला. आईचा आवाज ऐकला आणि मी नाक ओढायला लागले.

"काय व्हयनं व माय? रडस का?" आई घाबरली.

"आई, इथे उंदीर आहे."

खरं तर मला दुसरंच सांगायचं होतं. पण उंदीर समोर होता, त्याचं नाव घेणं सोपं पडलं. तेव्हापासून माझं तसंच ठरून गेलं. जीव कासावीस झाला की मी घरी उंदराची बातमी द्यायची. आज त्याने साबण खाल्ला. आज पुस्तक कुरतडलं. (पुस्तक मीच फाडलं होतं, रागाच्या भरात. पण उंदीर काही खुलासा करायला येणार नव्हता.)

पल्लवीने पिंजरा आणला आणि त्यात घरच्या भरताचा गोळा ठेवला. असोद्याच्या भरतापुढे कोण टिकेल, असं तिचं म्हणणं. सकाळी भरीत गायब, पिंजरा उघडा. दुसऱ्या दिवशीही तेच. "अगं, तू त्याला डबा लावलास," शबाना म्हणाली.

इकडे माझ्या बातम्या ऐकून घरी उंदीर वाढत चालला होता. आईच्या मनात तो एव्हाना घुशीएवढा झाला असावा. एका गुरुवारी संध्याकाळी दार वाजलं. दारात आबा, माझे आजोबा. डोक्यावर टोपी, हातात तोंड बांधलेली कापडी पिशवी. आणि पिशवी हलत होती!

"आपली मनी शे," आबा म्हणाले. "उंदीरस्ना काळ शे हाई."

आमच्या घरची मांजर आबांनी एसटीने आणली होती. वाटेत ती ओरडली की कंडक्टरला ऐकू जाऊ नये म्हणून आबा मोठ्याने खोकायचे. मनी धुळ्यापासून ओरडत होती, म्हणजे आबाही धुळ्यापासून खोकत होते. पारोळ्याला एका बाईने त्यांना लवंग दिली. एरंडोलला कुणीतरी खोकल्याचं औषध पाजलं. जळगावला उतरताना लोकांनी त्यांना हात धरून उतरवलं.

मुलींच्या फ्लॅटमध्ये पुरुष माणूस कसा ठेवणार, म्हणून घरमालकीण अक्कांनी आबांची सोय खाली त्यांच्या ओट्यावर केली. मनी वर आमच्याकडे. आम्ही तिघी कॉटवर बसून युद्ध पाहायला तयार झालो.

मनी पिशवीतून निघाली ती थेट माझ्या उशीमागे गेली. तिथून तिने जो सूर लावला तो शुक्रवारी सकाळपर्यंत. दुधाला तोंड लावलं नाही. दारापाशी जाऊन बसायची, दाराकडे पाहायची, ओरडायची आणि परत उशीमागे. उंदीर पहिल्या दिवशी जरा बिचकला. शुक्रवारी तो मनीसमोरून चालत गेला आणि तिच्या वाटीतलं दूध पिऊन परत आला. मनीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला तिचं सगळं कळत होतं. मीही तीन महिने तेच करत होते, फक्त ओरडत नव्हते.

शनिवारी शबाना आणि पल्लवी आपापल्या घरी गेल्या. आबा वर आले, मनीला मांडीवर घेतलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"इले आठे करमत नही," ते म्हणाले. "मी लई जास इले घर." आणि त्यांनी पिशवी जवळ ओढली.

"पण आबा, उंदीर?"

"ऱ्हाऊ दे उंदीर. दोन दिनमा कशी वाळी गई, देख. मुका जीव शे, सांगी नही सकस. आपलेच समजी लेनं पडस."

मला चांगलं तोंड होतं आणि त्या तोंडाने मी इतके दिवस उंदीर, उंदीर करत होते. आणि करमत नाही म्हणून घरी कोण निघालं होतं? मांजर!

आबांना सोडायला मी घरातल्याच चपलांवर स्टँडवर गेले. गाडी लागलेली होती. आबांना खिडकीशी बसवलं, पिशवी मांडीवर दिली आणि गाडी सुटेपर्यंत म्हणून शेजारी टेकले.

"नानाले सांगस मी, पोर मजामा शे," आबा म्हणाले.

हे ऐकलं आणि माझा बांध फुटला. गाडीतले लोक वळून पाहायला लागले. "आबा," मी हुंदके देत म्हणाले, "माले बी करमत नही."

आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि जोरजोरात खोकायला लागले. पिशवीतली मनी तर गाढ झोपली होती.

तेवढ्यात कंडक्टर आला. "एक धुळे दे, भाऊ," आबा म्हणाले.

"आबा, तुमच्या वयाला तिकीट माफ आहे. आणि मांजरीचं लागत नाही." कंडक्टर हसत होता. "गुरुवारी पण मीच होतो. उगाच खोकून घसा कशाला खराब करता?"

"मांजरनं नही. पोरनं दे."

गाडी हलली. पुढच्या सीटवरच्या बाईंनी वळून आम्हा दोघांना एकेक लवंग दिली. ती चघळत मी धुळ्यापर्यंत गेले, तोवर रडून माझे डोळे सुजले होते.

घरी नाना दारातच उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या चपलांकडे. "काय व्हयनं?"

"मनीले सोडाले उनू," मी म्हणाले.

"आनी उंदीर?"

"तो तठेच शे," मी म्हणाले. "एकलाच शे बिचारा." त्या शब्दाबरोबर पुन्हा रडू कोसळलं, तेही ओट्यावर, अख्ख्या गल्लीसमोर, जिथे मी ते भाषण दिलं होतं अगदी तिथेच. नाना माझ्या डोक्यावर हात ठेवून मला आत घेऊन गेले. मागून आबांचा खोकला ऐकू आला.

पुढे मी जळगावातच शिकले, पासही झाले, पण आमच्या गल्लीला त्याचं काही नाही. तिथे आजही सांगतात, की पोर मोठ्या तोऱ्यात शिकायला गेली आणि तीन महिन्यांत एका उंदरासाठी रडत परत आली.