चिंचेने घासलेली नाणी

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी लालबागच्या नाक्यावर चहा पीत चौघांना एक कडक थाप सांगत होतो. थाप अर्धीच राहिली. सत्तर वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदाच. तेव्हापासून चैन नाही... बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की पाय आपोआप परळला, त्याच्या चाळीकडे वळतात, आणि जिन्यापाशी आठवतं की वर ऐकणारा उरलेला नाही.

दत्ता बसचा कंडक्टर. अख्ख्या मुंबईची चिल्लर त्याच्या चामडी पिशवीतून गेली आणि प्रत्येक नाणं त्याने निरखून पाहिलं. त्यामुळे परळला चढलेल्या पोरांना गिरगाव येईतो मिशा फुटायच्या. "ओ मास्तर, सुट्टे देताय की मुलगी बघताय?" लोक ओरडायचे. "मुलीत खोट निघाली की परत पाठवतात," दत्ता शांतपणे म्हणायचा, "मी घरी नेतो." त्याला हवी असायची टांकसाळीत झालेली चूक. ठसा एका बाजूला घसरलेला, आकडा दोनदा उमटलेला, कड चंद्रकोरीसारखी कापली गेलेली. लाखो नाणी एकासारखी एक पडतात, तपासणारे वाकडी वेचून बाजूला काढतात. तरी एखादं त्यांच्या डोळ्यांत धूळ फेकून निसटतं आणि बाजारात भाजी घेत फिरतं... किंमत त्या निसटण्याला, असं तो सांगायचा. पण चूक जन्माची पाहिजे. मागाहून ठोकलं, घासलं, वाकवलं, तर तो नुसता अपघात.

मी एकदा पाच रुपयांच्या नाण्याची कड कानशीने कातरली, वर तेल-काजळी चोळली आणि त्याच्यापुढे टाकलं. "गोदीतल्या एका अरबाने मरताना दिलं." दत्ताने भिंग काढलं. "टांकसाळीतला खरा काप असला की त्याच्या बरोब्बर समोरची कडही दबलेली असते. ही बघ, ठणठणीत. अरब मेला नाही रे, तूच मारलास."

"माझ्यामागे ही नाणी तुला सांभाळतील," असं तो बायकोला, सुलभावहिनींना, सांगत आलेला. म्हणून तेरावं उरकल्यावर त्यांच्या सांगण्यावरून मी दादरचा एक नाण्यांचा व्यापारी घेऊन गेलो. वाटेत त्याला इतका चढवला की तो जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढला. वहिनींनी अल्बम पुढे ठेवला. आत नाणी लखलखत होती... देवाच्या तांब्यासारखी!

"तेराव्याला माणसां येवची होती," वहिनी कौतुकाने म्हणाल्या, "म्हणून सगळी काढून चिंच-मीठ आणि तारेच्या घासणीने घासलंय. यांनी कधी हात लावूक दिला नाय."

व्यापाऱ्याने अल्बम मिटला. "बाई, घासलं की संपलं. टांकसाळीतून आलेली कातडीच गेली. आता वर लिहिलाय तोच भाव." चहा न घेता तो उतरलासुद्धा.

वहिनी स्वतःच्या बोटांकडे बघत राहिल्या. मला बसवेना. खिडकीपर्यंत गेलो, परत आलो आणि तोंड उघडलं. "त्याला काय कळतंय, वहिनी! विलायतेत घासलेल्याच नाण्यांवर उड्या पडतात. राणीच्या वाड्यात खास एक मोलकरीण..."

"भावजी, थापा यांका सांगायच्यात. माका खरा सांगा. मीच घालवलंय मां सगळा?"

राणीची मोलकरीण माझ्या जिभेवरच उभी राहिली. "भाव गेला, वहिनी," मी म्हटलं. "चुका आहेत तशाच आहेत."

वहिनींनी पदराला बोटं पुसली. मग अल्बम उघडून एकेक दाखवायला लागल्या. घासतानाच ती पहिल्यांदा त्यांच्या हाताला लागली होती. "ह्याचो आकडो दोनदा. ह्याची कड कोणी चावल्यासारखी. आणि ह्यो रुपयो बघा, सगळो घसरलोय... यांच्या चष्म्यासारखो!" एवढ्या दिवसांत त्या पहिल्यांदा हसल्या.

मी तो रुपया उचलायला गेलो, तर अंगावर ओरडल्या, "कडेला धरा! नाण्याच्या तोंडाला बोट लावायचं नाही, घामाने डाग पडतो!"

वाक्य दत्ताचं. शब्दन् शब्द. कंडक्टरच्या सुरासकट.

घासणीच्या ओरखड्यांनी भरलेला तो रुपया... त्याला आता डाग तो काय पडणार होता? पण मी तो दोन बोटांत, अलगद, कडेला धरला.