डोळे नसलेला किडा

देवानं माणसाला तोंड दिलं ते नाती जोडायला. माझ्या साडूनं ते जन्मभर नाती वेगळी करून दाखवायला वापरलं. सोलापुरात असा दुसरा माणूस झाला नाही, आणि होऊही नये. मी चौथीतून उठलेला, मिलमध्ये कापड विणायचे साचे चालवणारा; तो कॉलेजात दगड शिकवायचा. दगड! मी त्याला मुद्दाम मास्तर म्हणायचो. तो चष्मा वर सारून म्हणायचा, "दाजी, मास्तर आणि प्राध्यापक दिसायला सारखे, पण वंश वेगळा."

त्याच्या खिशात कायम रुमालात गुंडाळलेला एक दगड. हिमालयातला, आणि त्यात एक किडा. झुरळानं गोमेशी संसार थाटला तर जे पोर होईल, तसलं ध्यान; अंगाच्या उभ्या तीन पट्ट्या. म्हणे समुद्रातला जीव, माणूस जन्मायच्या कितीतरी आधी त्याचं सगळं कूळ बुडालं. नाव कोनोकोरिफे. नवऱ्याचं नाव घ्यायला लाजणाऱ्या माझ्या मेव्हणीला हे नाव मात्र तोंडपाठ! बार्शीला एका लग्नात वाढपी सहज बोलून गेला, "नवरदेव आन त्येचा भाऊ, दोगं सारखंच हायती की." झालं! साडूनं पानातली जिलेबी बाजूला सारून तिथं दगड ठेवला. "हा बघा. याचा भाऊबंद टायकोपारिया. अंग तेच, कपाळाचा उंचवटा तसाच पुढं निमुळता. पण त्याला डोळे आहेत, याला नाहीत. त्याच्या डोक्यावरची शिवण डोळ्याला लागून जाते, याची पार कडेकडेनं. दिसतं सारखं म्हणून सारखं म्हणायचं नाही!" वाढप्यानं हात जोडले. "न्हाई म्हणत, बाबा. भात घ्या."

आपल्या काळ्या दगडात असला किडा जन्मात सापडायचा नाही, तो दगड आगीतून आलाय, हेही तोच सांगायचा. म्हणजे गावात नसलेल्या मालाचं दुकान! तरी मी माझा थोरला त्याच्याच हाताखाली घातला. आमच्या कुळात पहिला बी.एस्सी. होणार होता, मिलमधल्या सोबत्यांना मी पेढे कबूल करून बसलो होतो. बहात्तरचा दुष्काळ चालू होता तेव्हाची गोष्ट. शेवटच्या परीक्षेला साडूनं तोच किडा पोरांपुढं ठेवला. माझ्या पोरानं चित्र झकास काढलं, आणि किड्याला दोन टपोरे डोळे दिले. खाली नाव लिहिलं भाऊबंदाचं. पोरगं आधीच काठावर होतं, तेवढ्यावर पडलं.

मी जन्मात कुणापुढं हात जोडले नव्हते. मुकादमापुढं नाही, संपात मालकापुढं नाही. त्या दिवशी साडूच्या ओसरीवर जोडले. "मास्तर, मेलेला किडा हाय. त्येला दोन डोळं दिलं तर कुणाचं काय गेलं?"

त्याचं तोंड रडवेलं झालं होतं, हे खोटं सांगणार नाही. पण म्हणाला काय, तर "दाजी, त्याला डोळे नव्हते हो."

पुढच्या आठवड्यापासून हा गडी रोज संध्याकाळी पिशवीभर दगड घेऊन आमच्या दारात. "पोराला पुन्हा बसवा, मी शिकवतो. ऑक्टोबरला सुटेल." मी उंबऱ्यातच आडवा बसायचो. "पोरगं साच्यावर चाललंय. आमच्या कुळात डोळं असलेलीच पैदा होत्यात, मास्तर!" आत बायको चुलीपाशी, पोरगं दाराआड उभं. दिवाळीपर्यंत येत राहिला, मग थांबला. पोरगं मिलमध्ये बदली कामगार म्हणून लागलं, ते तिथंच राहिलं.

परवा साडू गेला. मूलबाळ नव्हतं, अग्नी माझ्या थोरल्यानं दिला. घरी आल्यावरही त्याचे डोळे पुसणं चालूच. मला राहवलं नाही. "तुजं वाटुळं केलं त्यानं, आन तू रडतूस?"

आंघोळीचं पाणी काढता काढता पोरगं म्हणालं, "काकांनी एकदा नापास केलं, आबा. दुसऱ्यांदा बसू दिलं न्हाई, ते तुमी." आणि बादली उचलून मोरीत गेलं.

मी माझं म्हणणं सोडलेलं नाही. दोन डोळ्यांनी कुणाचं काही बिघडत नव्हतं. काल जेवायला बसलो तेव्हा बायकोला विचारलं, ही भाकरी मालदांडीची की दगडीची? ती म्हणाली, "ज्वारी ती ज्वारी. जेवा मुकाट्यानं." मी घास हातात धरून उगाच दाराकडं बघत राहिलो, कुणीतरी 'तसं नाही हो, दाजी' म्हणावं म्हणून.