वापरातली जागा

दोघी सख्ख्या जावा, आणि पहिल्यापासून एकमेकींना पाण्यात पाहत होत्या. थोरली आर्किटेक्ट. सासऱ्यांनी सुरू केलेलं ऑफिस तिनं आणि तिच्या नवऱ्यानं नावारूपाला आणलं होतं. धाकटी आली ती इमारतींच्या विजेचा आणि हवेचा हिशेब शिकून. त्यामुळे इमारतींना ग्रीन सर्टिफिकेट मिळवून द्यायचं काम तिच्या टेबलावर आलं, आणि त्या कागदांवर सहीसुद्धा तिचीच लागायची. ऑफिस खाली, वर थोरलीचं घर, त्याच्या वर धाकटीचं, सगळ्यांना एकच जिना. भांडणाला सुट्टी अशी नसे.

धाकटी गोड नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. चुकलेल्याला ती चारचौघांत चुकलास म्हणायची. साइटवरचे गवंडी तिला 'मोजपट्टी' म्हणत आणि ती आली की पाठ फिरवत. सासू गेली तेव्हा लोक भेटायला येत होते आणि ही दारातल्या चपला ओळीनं लावत बसली होती, असं थोरली अजून सांगते. ते खरंही आहे.

एका पार्सल कंपनीच्या मुख्य ऑफिसचं काम आलं. इमारत जुनी, वापरात असलेली. मालकाला सर्टिफिकेट हवं होतं, तेही वरच्या श्रेणीचं. त्यासाठी लागणारे वीज, हवा, उजेड, पाणी यांचे तक्ते थोरलीनं स्वतः भरले होते. धाकटीनं ते शेजारी-शेजारी ठेवून वाचले आणि तशीच उठून जावेच्या केबिनमध्ये गेली.

"वहिनी, माणसं बसतात ती वापरातली जागा. ती सगळ्या तक्त्यांत एकच पाहिजे. विजेच्या तक्त्यात तुम्ही तळघर धरलंय, हवेच्या आणि उजेडाच्या तक्त्यांत ते नाही. तळघर आहे की नाही?"

थोरलीनं मान वर केली नाही. "स्टोअर आहे ते. खोक्यांना हवा कशाला?"

"मग विजेतूनही काढा. जागा जास्त दाखवली की चौरस फुटामागची वीज कमी दिसते, म्हणून तिथे धरलंय ना?"

"सगळीकडे असंच भरतात. तू नवी आलीस म्हणून नियम नवे झाले नाहीत."

"मी बघून येते."

"जा. तुला कामं कमीच आहेत."

तळघरात खोक्यांच्या भिंतीमागे टेबलांच्या रांगा होत्या. हरवलेल्या पार्सलांच्या तक्रारी ऐकणारा सगळा विभाग तिथे बसत होता. खिडकी नाही. दार उघडं राहावं म्हणून त्याला आग विझवायचा सिलिंडर टेकवलेला. कोपऱ्यातला पंखा तीच गरम हवा इकडून तिकडे ढकलत होता. धाकटीनं टेप काढला तशी विभाग सांभाळणारी बाई फोन खाली ठेवून आली.

"कोण तुम्ही?"

"जागा मोजायला आलेय."

"मागे असंच कुणीतरी मोजून गेलं आणि आमची दोन टेबलं गेली."

"दुपारनंतर डोकं जड होतं का इथे?"

"झालं तर तुम्ही चेपून देणार का?"

धाकटीनं टेप उलगडला. टेबलांची जागा मोजली, खोक्यांची वेगळी मोजली आणि निघून गेली. परत येऊन तिनं सगळे तक्ते नव्यानं भरले. टेबलांची जागा सगळीकडे धरली, खोक्यांची सगळीकडून काढली. आकडे बदलताच वीज जास्त दिसायला लागली, उजेड घटला आणि हवा तर सरळ नापास झाली.

मालकासमोर बैठक झाली. तो थोरलीकडे पाहून म्हणाला, "तळघर म्हणजे स्टोअर, असं आपलं ठरलं होतं."

"तिथे माणसं बसतात," धाकटी म्हणाली.

"बसत नाहीत. येऊन-जाऊन असतात."

"मग पाण्याच्या तक्त्यात ती कशी आली? माणशी पाणी कमी दिसावं म्हणून तिथे त्यांची हजेरी लावलीय. पाणी प्यायला माणसं आणि श्वास घ्यायला खोकी, असं कसं चालेल?"

मालक हसला नाही. थोरली म्हणाली, "तू बाहेर जा." धाकटी गेली नाही. मग मालकच उठून गेला.

संध्याकाळी धाकटीच्या नवऱ्यानं तोंड उघडलं. तो भावाच्या हाताखाली साइटची देखरेख करायचा. "दादा-वहिनींनी मला उभं केलं. तुला कोणी सांगितलं गावाचं ओझं वाहायला?"

"मग खोट्यावर तू सही कर."

"माझी सही चालत नाही."

"म्हणून तर माझ्याशी बोलतोयस," ती म्हणाली, आणि तो ताटावरून उठला.

दुसऱ्या दिवशी थोरली तिच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. "जुने तक्ते पाठव, नाहीतर या ऑफिसात तुझी खुर्ची नाही." धाकटीनं तिच्या देखत सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेला नवे तक्ते पाठवले, ड्रॉवर रिकामा केला आणि जिना चढून वर गेली.

तळघरात हवा खेळवल्याशिवाय कुठलीच श्रेणी देणार नाही, असं तपासणाऱ्यांनी कळवलं. मालकानं शिव्या घालत बाहेरची हवा आणणारे पत्र्याचे मोठे नळ बसवले. सर्टिफिकेट मिळालं, पण खालच्या श्रेणीचं. त्यानं पुढची इमारत दुसऱ्या ऑफिसला दिली.

ऑफिस सुटलं तरी कागदांवर सही धाकटीचीच होती, म्हणून सर्टिफिकेट येण्याआधी हवेची शेवटची मोजणी करायला तीच गेली होती. विभागाच्या बाईनं डोक्यावरच्या नळाच्या झरोक्याला पुठ्ठा चिकटवला होता.

"काढा तो," धाकटी म्हणाली.

"नाही काढणार. दिवसभर मानेवर वारा येतो. शिवाय तुमच्या मोजण्यापायी वरचे साहेब आता रोज खाली डोकावतात. आधी निदान सुखानं मरत होतो."

"पुठ्ठा ठेवलात तर मागच्या रांगेला हवा जात नाही."

"मागच्या रांगेची काळजी तुम्हाला. माझ्या मानेची कुणाला?"

धाकटी खुर्चीवर चढली, पुठ्ठा ओरबाडून काढला आणि झरोक्याच्या पट्ट्या भिंतीकडे वळवल्या. मानेवरचा वारा थांबला. बाईनं हात वर करून खात्री केली.

"हे आधी नाही सुचलं?"

"आधी तुम्ही सांगितलं नाहीत."

दोघींपैकी कुणी आभार मानले नाहीत.

थोरलीनं महिन्याभरात जिन्याच्या मधोमध दार बसवून घेतलं. नकाशा तिनंच काढला, कुलूप आपल्या बाजूला ठेवलं. धाकटीच्या घराला मागून लोखंडी जिना आला. आता ती वरच्या खोलीत बसून दुसऱ्यांची सर्टिफिकेटं करते. कामं येतात, पण एकदा आलेला माणूस क्वचितच परत येतो. तिचा नवरा रोज सकाळी मागच्या जिन्यानं उतरतो आणि इमारतीला वळसा घालून पुढच्या दारानं भावाच्या ऑफिसात जातो. पावसात भिजत पोचला तर थोरली त्याला टॉवेल देते आणि वरच्या मजल्याकडे बघून म्हणते, "बघा, कसं ठेवलंय तुम्हाला."

तो टॉवेल घेतो, डोकं पुसतो आणि कामाला लागतो.