डागावर चिखल नव्हता

बायको गेली, तिला हे बोललो नाही. पोरांपुढं तोंड उघडलं नाही. देवापुढंही हात जोडून दुसरंच काहीतरी मागत राहिलो. आज तुम्ही समोर बसल्यासारखे वाटता, म्हणून लिहितो. लिहिणं माझ्याच हातचं आहे — एखादं अक्षर उलटं पडलं असेल तर तेवढं सरळ करून घ्या. बाकीचं सरळ करायला जाऊ नका.

सोपानचा डोळा मी फोडला, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. ते लपवायचं म्हटलं तरी कसं लपणार? डोळा तोंडावर असतो. मी लपवलं ते वेगळं. त्याच्याकडं येतो. जरा दम धरा — सरळ जायला मला कधीच जमलं नाही.

निजामाचं राज्य होतं. गेवराईच्या अंगाला, गोदावरीच्या काठावर आमचं गाव. पाटीलकी आमच्या घरात. शाळेत मराठी शिकवत आणि उर्दूही. मराठी डावीकडून, उर्दू उजवीकडून, आणि माझ्या डोळ्यांपुढं दोन्ही नुसती वळवळायची. मराठीचे मास्तर म्हणायचे, उर्दूनं पोरगं बिघडवलं. मौलवीसाहेब म्हणायचे, मराठीनं. मारायच्या बाबतीत मात्र दोघांचं एकमत.

सगळ्यात वाईट तीन आणि सहा. छत्तीस लिही म्हटलं की माझ्या पाटीवर त्रेसष्ट. ज्या आकड्यांनी एकमेकांकडं पाठ करायची, ते माझ्याकडं तोंडाला तोंड लावून बसायचे. मास्तरांनी ती पाटी सगळ्या पोरांना फिरवून दाखवली. घरी कळलं. वडलांनी मला गोठ्यातल्या खांबाला बांधलं आणि बैलाच्या कासऱ्यानं झोडपलं. पाटलाचं पोर आणि ढ? पाठीची सालं निघाली. मी रडलो नाही. दुसऱ्या दिवशी एका पोरानं मला ‘उलट्या’ म्हणून हाक मारली, त्याचे पुढचे दात मी दगडानं पाडले. मग कुणी हसलं नाही. मला तेव्हाच कळलं — माझ्या हाताला अक्षर वळत नाही, मूठ वळते.

पाटी फिरवली तेव्हा हसला नव्हता तो एकटा सोपान. जनावरं राखणाऱ्यांच्या घरचा, शाळेत दाराशी बसायचा. एकदा मला नदीत घेऊन गेला. ओल्या वाळूत बसवलं, डोळे मिटायला लावले, माझं बोट धरलं आणि वाळूत फिरवलं.

"डोळ्याचं ऐकू नको बे," म्हणाला. "हातानं बघ. तीन जेवायच्या हाताकडं पोट काढतो. सहा दुसऱ्या हाताकडं."

आणि कळलं! डोळे मिटले की कळायचं. आपण दगड नाही, हे मला पहिल्यांदा त्या वाळूत कळलं. त्याचे उपकार मानले का मी? त्याला सांगितलं, कुणाजवळ बोललास तर जीभ कापीन. तो हसला. पाटलाच्या पोराला ‘बे’ म्हणणारा गावात तो एकटाच होता, तेही दोघंच असलो तर.

शाळा दोघांचीही सुटली. मी वाढलो. लोक वाट सोडून उभे राहायला लागले. वाचता येत नाही हे कुणाला कळू नये म्हणून मी आधीच हात उचलायचो. कुणी कागद पुढं केला की त्याची चूक काढायची, आवाज चढवायचा, नाहीतर कानाखाली. लोकांना वाटायचं, गडी तापट आहे. तापट कसला? भ्यायलेला होतो.

आता त्या दिवसाचं. आमच्या घरच्या जनावरांच्या मांडीवर तिनाचा डाग असायचा. सोपानच्या घरचा सहाचा. उन्हाळा होता. वडलांनी बाजारातून एक तांबडा गोऱ्हा आणून डागून घेतला, चरायला सोडला आणि माजलगावला सोयऱ्यांकडं निघून गेले. मी तो धड पाहिलाही नव्हता. तो हरवला. माझ्या ताब्यात असताना हरवला — वडील आल्यावर काय म्हणतील, हे डोक्यात घेऊन मी काठी उचलली. टोकाला लोखंड बसवलेली काठी. नदीवर गेलो तर सोपानची जनावरं पाण्यात उभी, आणि त्यांत एक तांबडा गोऱ्हा.

मांडी बघितली. तीन दिसला. दिसला का? काहीतरी वळवळलं, आणि मी तीन म्हणालो. गोऱ्हा आमचा आहे, चोरलास म्हणालो. पाणी भरणाऱ्या बाया थांबल्या. चार माणसं गोळा झाली. सोपान हळूच म्हणाला, सहा हाय, आमच्या गाईचा हाय. मी म्हणालो, तीन. लोकांनी डागाकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग खाली. सगळ्यांना दिसत होतं. धाकल्या पाटलाला कोण सांगणार? एका बाईनं पदर तोंडाला लावला.

मग सोपान जवळ आला. लहानपणीच्याच आवाजात म्हणाला, "हातानं बघ बे."

मला हिणवायला बोलला नव्हता तो. आज कळतं असं नाही, तेव्हाही कळलं होतं. पण सगळ्यांच्या देखत! मी काठी घातली. खांद्यावर, बरगड्यांवर, गुडघ्यावर. तो पाण्याच्या कडेला पडला. हाड मोडलेलं मी ऐकलं. त्यानं हात वर केला नाही.

वडील आले. गेवराईहून ठाण्याचा अमीन, म्हणजे फौजदार, आला. वडलांनी त्याला सांगितलं — डागावर चिखल होता, पोराला सहाचा तीन दिसला, तरणं रक्त, चूक झाली. गावानं माना डोलावल्या. सोपानच्या बापानंही हात जोडून मान डोलावली. आमचा गोऱ्हा तोवर नदीपलीकडच्या टरबुजाच्या वाडीत सापडला होता. अमीन दूध पिऊन गेला. चूक ठरली. त्या चुकीच्या सावलीत मी सगळा जन्म काढला — लग्न केलं, पाटीलकी केली, पंचात बसलो, दुसऱ्यांच्या चुका तोलल्या.

चिखल कुठला? गोऱ्हा पाण्यात उभा होता, मांडी धुतल्यासारखी स्वच्छ होती. पण मी लपवलं ते एवढंच असतं तर कदाचित गिळलंही असतं.

सोपान पडल्यावर मी थांबलो होतो. धापा टाकत गोऱ्ह्याजवळ गेलो. लोकांकडं पाठ केली, म्हणजे हात दिसायला नको. डोळे मिटले. डागावर केस नसतात, कातडं वर आलेलं असतं. त्यावरून बोट फिरवलं. बोट दुसऱ्या हाताकडं गेलं. सहा. एवढं स्वच्छ मी आयुष्यात काही वाचलं नव्हतं.

वळून बघितलं तर सोपान माझ्याकडं बघत होता. पडल्या जागेवरून त्याला माझं बोट दिसलं होतं. मला कळलंय, हे त्याला कळलं. आणि त्याच्या तोंडावर — हे कसं सांगू? — पोराला धडा आला की मास्तराच्या तोंडावर जे येतं, ते होतं. हाड मोडून पडलेला माणूस माझ्यावर खूश झाला होता.

ते मला सोसलं नाही. मी परत गेलो आणि त्या तोंडावर काठीचं टोक घातलं. डोळा तेव्हा गेला. आधीच्या मारात गेला नव्हता.

सोपान जगला. जनावरं राखत राहिला. कुणाला बोलला नाही. त्यानंतर मला तो ‘मालक’ म्हणायचा. एकटे भेटलो तरी मालक. ‘बे’ पुन्हा कधी ऐकलं नाही, आणि तो गेला.

पुढं मी वाचायला शिकलो. एकेक अक्षर बोटानं मांडीवर गिरवत, डोळे मिटून, लई वर्षांनी. नातवाची अक्षरं उलटी पडायला लागली तेव्हा त्याच्या बापाचा उगारलेला हात मी धरला. पोरगं ढ नाही, असं ठणकावून सांगितलं, आणि त्याला वाळूत बसवलं. तुम्हाला हे कुणी शिकवलं, असं त्यानं विचारलं. माझं मीच शिकलो, म्हणालो. सोपानचं नाव तिथंही घेतलं नाही.

डागावर चिखल नव्हता. सहा होता. तो मी वाचला होता.