पोटऱ्यांसाठी घेतलेली बिनवायरची मशीन

चाळिशी ओलांडल्यावर मी पुन्हा धावायला लागले ते शाळेमुळे. रामाकोन्याच्या सरकारी शाळेत मी गणित शिकवते. खेळाचे सर बदली होऊन गेले, त्यांच्या जागी कोणी आलं नाही, आणि एक दिवस हेडसरांनी शिटी माझ्या हातात दिली. "मॅडम, तुम्ही पांढुर्ण्याच्या ना? कॉलेजात धावत होत्या म्हणून ऐकलं."

धावत होते खरं. लग्न होऊन सौंसरला आले, नोकरी लागली, दोन मुलं झाली, आणि धावणं कधी सुटलं ते कळलंही नाही. शिटी वाजवता वाजवता मी मुलींबरोबर मैदानाला एक चक्कर मारली, मग रोज मारायला लागले. मग सकाळी घरूनच निघायला लागले, जामसांवलीच्या रस्त्यानं. शनिवारी त्या रस्त्यावर मारुतीच्या दर्शनाला पायी जाणाऱ्यांची गर्दी असते, म्हणून शनिवारी सुट्टी. बाकीच्या दिवशी मी आणि संत्र्याच्या गाड्या.

पांढुर्णा जिल्हा झाल्यावर कर्मचाऱ्यांचे खेळही तिथंच व्हायला लागले. मी पंधराशे मीटरला नाव दिलं, आणि आमच्या तालुक्याच्या बायकांच्या रिलेतही. पंधराशे पहिल्या दिवशी, रिले दुसऱ्या दिवशी. नाव देऊन झाल्यावर मला खरी अडचण समजली. एक दिवस जोरात धावले की दुसऱ्या दिवशी मी जिना एका अंगानं, तिरकी होऊन उतरत होते. पोटऱ्यांत गोळे यायचे. वर्गात फळ्यापाशी उभं राहून त्रिकोण काढताना पाय थरथरायचा आणि रेघ वाकडी जायची.

पायाच्या दुखण्यावर मोबाईलवर एकदा काही शोधलं की मोबाईल तुमचा पिच्छा सोडत नाही. मला रोज नवनवीन मशीनी दिसायला लागल्या. कोणी पोटाला पट्टा बांधून बसल्या बसल्या बारीक करणार होतं, कोणी पिस्तुलासारखं काहीतरी मांडीवर धडधड आपटत होतं. त्यात एक वस्तू मला आवडली. साबणाच्या वडीएवढ्या दोन डब्या, पोटरीवर चिकटवायच्या. आतून हलका करंट येतो आणि स्नायू आपला आपण आवळतो आणि सुटतो. वायर नाही. दौड झाल्यावर पाय लवकर मोकळे होतात, असं लिहिलेलं होतं.

मला त्यातलं "वायर नाही" हेच सगळ्यात पटलं. जाहिरातीतली बाई सोफ्यावर पाय पसरून बसली होती. मी मात्र मनात दुसरंच चित्र पाहत होते. सकाळी धावून यायचं, डब्या चिकटवायच्या, त्यावर गाऊन सोडायचा आणि कणीक मळायला घ्यायची. मुलांचे डबे भरले जातील तोवर पायाचंही काम होऊन जाईल.

पण घ्यायची कोणती? आमच्या ह्यांनी रात्रीच्या जेवणानंतर मोबाईल पाहायला घेतला आणि सगळ्यात मोठी पसंत केली, चार डब्यांची. "घ्यायचीच तर चांगली घे. दोन्ही मांड्या, दोन्ही पोटऱ्या, एकदम काम होते." मी दोनवर अडून होते. लोकांचे अनुभव वाचायला गेले तर एक म्हणे जीवनच बदललं, दुसरा म्हणे डबी चिकटतच नाही. कोणत्याच वाक्यावर मला भरवसा ठेवता येईना. शेवटी पांढुर्ण्याला आईकडे गेले होते तेव्हा तिथल्या फिजिओथेरपिस्टकडे जाऊन बसले. माझ्या आईच्या खांद्यावर त्यांनी उपचार केले होते, तेवढी ओळख.

त्यांनी आधी मशीनचं नावच काढू दिलं नाही. मला टाचा उचलायला लावल्या, पोटरी दाबून पाहिली, मग विचारलं, "धावून आल्यावर काय खाता?"

"चहा."

"आणि?"

"चहासोबत टोस्ट."

"झोप?"

मी हसले. तेही हसले. म्हणाले, "मॅडम, खरं सांगतो. झोप आणि जेवणाचं काम ही मशीन करणार नाही. ती थोडी मदत करते. काही लोकांना खूप बरं वाटते, काहींना फारसा फरक पडत नाही. हे समजून मग घ्यायची असेल तर घ्या."

मग त्यांनी त्यांच्या दवाखान्यातली जुनी वायरवाली मशीन माझ्या पोटरीला लावून दाखवली. आधी मुंग्या आल्या. मग मुंग्यांच्या खालून कोणीतरी पोटरी मुठीत धरावी तशी ती आवळली आणि सुटली. मी दचकून पाय ओढला. ते म्हणाले, "ही दुसरी गोष्ट. अशाच दिसणाऱ्या दोन तऱ्हेच्या मशीनी मिळतात. एक फक्त मुंग्या आणते, दुखणं जाणवू नये म्हणून. दुसरी स्नायूला काम करायला लावते. तुम्हाला दुसरी पाहिजे. घेताना तेवढं नीट वाचून घ्या."

बाकीचं त्यांनी बोलता बोलता सांगितलं. पहिलीच मशीन आहे तर दोन डब्या पुरे. करंट थोडा थोडा वाढवता आला पाहिजे, एकदम उडी मारणारी नको. बंद करायचं बटण डबीवरच हवं. सगळं काही मोबाईलच्या ॲपवरच चालत असेल आणि ॲप मधेच अडकलं तर पाय आवळत राहील आणि तुम्ही मोबाईल शोधत राहाल. आणि चिकटवायचे पॅड सुटे मिळतात का ते आधी पाहा, कारण मशीन टिकते, पॅड टिकत नाहीत. जखमेवर लावायची नाही, छातीवर नाही, गळ्यावर नाही.

उठता उठता त्यांनी विचारलं, "घरात कोणाला पेसमेकर आहे?"

माझ्या सासऱ्यांना आहे. मागे नागपूरला नेऊन बसवला होता. मी म्हटलं, "मामाजींना आहे. मग घरात आणायचीच नाही का?"

"घरात आणा. तुम्ही लावा, ते बाजूला बसले तरी काही होत नाही. पण त्यांच्या अंगाला लावायची नाही. त्यांनी कितीही म्हटलं तरी नाही."

हे शेवटचं वाक्य त्यांनी का म्हटलं ते मला मशीन आल्यावर कळलं.

मी घेतली ती साधीच होती. दोन डब्या, प्रत्येकीवर कमी, जास्त आणि बंद अशी बटणं, मोबाईलच्याच चार्जरवर चार्ज होणारी. पॅड डबीला टिचबटणासारखे बसत. खोकं उघडलं तेव्हा सगळं घर भोवती जमलं. मामाजी आयुष्यभर तहसीलमध्ये नोकरी केलेले. कागद दिसला की आधी वाचणार. त्यांनी चष्मा लावून माहितीपुस्तक वाचायला घेतलं. मी पोटरी पुसून डबी चिकटवली आणि बटण दाबलं. थोड्या वेळानं पोटरी दिसेल इतकी उडायला लागली आणि पायाचा पंजा आपोआप खाली-वर व्हायला लागला.

सासूबाई तोंडावर पदर घेऊन हसायला लागल्या. "अवो पाहा, पाहा! पाय आपला आपणच हालून राहिला!"

मामाजी पुस्तक बाजूला ठेवून म्हणाले, "माझ्या गुडघ्याले लावून देजो जरा. सकाळी उठलो का आखडलेलाच राहते."

मी म्हटलं, "मामाजी, तुम्हाला नाही चालत. पेसमेकर आहे ना."

"पेसमेकर इथं वर आहे. गुडघा तर खाली आहे."

"डॉक्टरांनी बिलकूल नाही म्हटलं आहे."

त्यांनी पुस्तक पुन्हा उचललं, पानं उलटली, एका पानावर थांबले. तिथं हृदयाचं चित्र होतं आणि त्यावर फुली. ते पान त्यांनी बराच वेळ पाहिलं. त्यांचं मन मोडलं याचं मला वाईट वाटलं. घरात नवी वस्तू येते आणि ती फक्त आपल्यालाच वर्ज्य आहे, हे त्या वयात कोणाला आवडेल? मग त्यांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "ठीक आहे. मले तसंही त्या मुंग्या जमल्या नसत्या." आणि त्या दिवसापासून मशीन चार्ज करून ठेवायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. मी धावून यायचे तेव्हा डब्या टेबलावर तयार असत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवल्याप्रमाणे केलं. धावून आले, पाय धुतले, डब्या चिकटवल्या, गाऊन खाली सोडला आणि ओट्यापाशी गेले. कणीक मळायला घेतली तर एकाएकी पोटरी आवळली, टाच उचलली गेली आणि मी ओट्यावर पुढं झुकले. परातीतलं पाणी सांडलं. सासूबाई चहा गाळत होत्या.

"काय करून राहिली तू?"

"काही नाही आई. मशीन चालू आहे."

"मशीन चालू आहे तर इथं काऊन उभी आहे?"

"म्हणून तर बिनवायरची घेतली ना. काम करता येते."

त्यांनी गाळणं खाली ठेवलं. "मंग वायरवालीच घ्यायची होती. खुंट्याले बांधल्यासारखी एका जागी बसली तर राहिली असती." त्यांनी माझ्या हाताखालून परात ओढून घेतली. "जा. बस तिकडं."

"आई, मुलांच्या डब्यांना उशीर होईल."

"होऊ दे. तुझा नवरा काय करून राहिला? पेपरच वाचून राहिला ना?" त्यांनी तिथूनच मुलाला हाक मारली आणि भाजी चिरायला बसवलं. मग मी अजून दारातच घुटमळत आहे हे पाहून त्या जवळ आल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "बाई, मी शेतातून यायची आन् तशीच चुलीपाशी जायची. पाय माझेही दुखत होते. मले कोणी म्हटलंच नाही, का बस म्हणून. मी तुले म्हणून राहिली. बस."

मी बसले. समोरच्या खोलीत दिवाणावर, पाय स्टुलावर ठेवून. स्वयंपाकघरातून पोळ्यांचा वास येत होता आणि सासूबाई मुलाला बटाट्याच्या फोडी लहान कर म्हणून सांगत होत्या. मामाजी शेजारच्या खुर्चीत बसून माझ्या हलणाऱ्या पंजाकडं कौतुकानं पाहत होते. लग्नानंतर इतक्या वर्षांत सकाळच्या त्या वेळी मी कधी बसले नव्हते. मला रडू येईलसं वाटलं, पण तेवढ्यात सासूबाईंनी ताटलीत गरम पोळी, गूळ आणि शेंगदाणे आणून दिले. फिजिओथेरपिस्टनी जेवणाबद्दल जे म्हटलं होतं ते मी घरी सांगितलं होतं, ते त्यांच्या चांगलं लक्षात होतं.

मग तो नेमच झाला. आमच्या ह्यांना भाजी चिरायची सवय लागली. चार डब्यांची घ्यायला पाहिजे होती हे मात्र ते अधूनमधून म्हणतच राहिले.

खेळांच्या वेळी सासूबाई माझ्यासोबत पांढुर्ण्याला आल्या. माझ्या आईकडे आम्ही मुक्कामाला होतो. पंधराशे मीटरला मी तिसरी आले. पुढच्या दोघी माझ्यापेक्षा बऱ्याच लहान होत्या, एक तर पोलिसातली होती. शेवटच्या वळणावर मला मागून सासूबाईंचा आवाज ऐकू आला. इतक्या जोरात त्यांना ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. "पळ व बाई, पळ!" त्यांच्या आजूबाजूचे लोक हसत होते, पण त्यांना त्याचं भान नव्हतं.

संध्याकाळी आईच्या घरी मी पाय वर करून बसले, पोटऱ्यांवर डब्या लावल्या. दोघी विहिणी माझ्या दोन बाजूंना बसल्या. माझी आई एकसारखी विचारत होती, "दुखून तर नाही राहिलं?" आणि सासूबाई माझ्या वतीनं उत्तर देत होत्या, "नाही, नाही, मुंग्याच येतात फक्त. आणखी वाढवते ती, पाहा तुम्ही." त्या बोलण्यात थोडा तोरा होता, आणि मला तो फार आवडला. लवकर जेवून मी झोपले. सकाळी जिना सरळ उतरले. मशीनचा गुण की जेवणाचा, की रात्रभर शांत झोपू दिलं त्याचा, ते मी सांगू शकत नाही. रिलेत आमच्या तालुक्याचा दुसरा नंबर आला.

आता शाळेतल्या एक मॅडम बॅडमिंटन खेळायला लागल्या आहेत आणि त्यांचा गुडघ्याच्या वरचा स्नायू दुखतो. परवा मधल्या सुट्टीत त्यांनी मला विचारलं, कोणती मशीन घेऊ? मी माझी डबी पर्समधून काढून दाखवली. बटणं दाखवली, टिचबटणाचे पॅड दाखवले, पॅड सुटे मिळतात का ते आधी पाहा म्हणून सांगितलं, घरात कोणाला पेसमेकर आहे का ते विचारलं. आधी पांढुर्ण्याला जाऊन फिजिओथेरपिस्टना स्नायू दाखवून या, असंही म्हटलं.

"एवढंच?" त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "रविवारी घरी या. आमच्या सासूबाईंना भेटा. मशीन लावून बसायचं कसं ते त्या सांगतील."