मेथीच्या वाफ्यातली बैठक

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना एरंडेल पाजावं, असं माझं मत होतं. नर्स आहे मी... मेलेली माणसं पुष्कळ पाहिली, एकही उठून बोललं नाही. तरीही हे लिहितेय.

वऱ्हाड मध्यप्रांतात होता तेव्हाची गोष्ट. पुण्याहून अमरावतीला बायकांच्या दवाखान्यात मी नुकतीच आले होते. इथली बोली मला निम्मीच कळायची.

भर दुपारी अंजनगाव सुर्जीहून एक माळीण आणली. पोटात मूल आडवं, छातीत कफ. क्लोरोफॉर्म देणं धोक्याचं, म्हणून कमरेखालचं अंग बधिर करायला डॉक्टरांनी पाठीच्या कण्यात सुई द्यायचं ठरवलं. तिला टेबलाच्या कडेला बसवून मी समोरून धरलं. पाठ मांजरासारखी बाहेर काढायला हवी, तरच मणके उघडतात. पण "वाक" म्हटलं की ती बिचारी पदर सावरून नमस्काराला वाकायची... पाठ ताठच! दोनदा सुई हाडाला लागली. बाळाचे ठोके मंदावले. मला रडू येत होतं.

आणि माझ्या तोंडून शब्द आले —

"मेथीच्या वाफ्यात निंदाले बसतं तशी बस ना वं पोरी! मान खाली... गवत पाह्य."

तिनं कपाळ माझ्या खांद्यावर टेकलं, पाठ गोल झाली. सुई अलगद आत गेली.

"सिस्टर, वऱ्हाडी कधी शिकलात?" डॉक्टर म्हणाले. मला तर 'निंदणं' म्हणजे गवत काढणं, हेसुद्धा ठाऊक नव्हतं! आवाजही माझा नव्हता, घोगरा, म्हातारा.

मुलगी झाली. दोघी वाचल्या. शुद्धीवरच असलेली ती माळीण मला म्हणाली, "तुमी माह्या मायच्यावानी कशा काय बोलल्या?"

तिची आई बाहेर व्हरांड्यात बसली होती. मी बातमी सांगून विचारलं, "आजी, लेकीला वाफ्यात काय सांगायचात हो?"

जावई मध्येच म्हणाला, "ते बोलत नाई, बाई. अंगावरून वारं गेलं, तवाची वाचाच गेली तिची."

म्हातारीनं आपला धड असलेला हात उचलला आणि माझ्या गळ्यावर ठेवला. आपली वस्तू अजून तिथंच आहे का, हे चाचपून पाहावं तसा. मग हसली.

पुढे कितीतरी बायकांना मी तेच वाक्य सांगितलं, माझ्या पुणेरी आवाजात. उपयोग होतो. पण ते सांगताना अजूनही माझा हात गळ्याकडे जातो.