गल्लीला न सांगायची गोष्ट

कानडी मुलखात, मंडी मोहल्ल्यातल्या त्या गल्लीत पांडुरंगरावांच्या घरी आज भाजी कुठली, हे शेजाऱ्यांना आधी कळायचं आणि पांडुरंगरावांना मागाहून. कमलिनीबाई एकदा सांगत, दोनदा सांगत, मग ओरडत, तेव्हा ते दुखावल्यासारखे म्हणत, "ओरडतेस कशाला? बहिरा आहे का मी?"

गणवेश शिवायच्या कारखान्यात, विजेच्या मशिनींच्या रांगेत त्यांचं आयुष्य गेलं होतं. संध्याकाळी विठ्ठलाच्या देवळात टाळ. दिवसा खडखड, रात्री खणखण. कान तरी किती टिकणार!

कमलिनीबाईंनी हेही रेटलं असतं. पण कृष्णराजनगरला दिलेल्या गुंजनचा फोन आला होता. "आई, मला इथं राहवत नाही ग आता. तिकडं येऊ? पण अप्पांना विचार आधी." पोरगी तिकडे फोन उशाशी घेऊन बसलेली, आणि हे ओरडून सांगायचं कसं? चिठ्ठी द्यावी, तर कागद हाती आला की चष्मा लावून मोठ्यानं वाचायची यांची खोड!

शेवटी त्यांना कान तपासायला नेलं.

तपासणारी तरुण पूजिता या आजोबांना कन्नडमध्ये म्हणाली, "ताता, आवाज आला की बटण दाबायचं. अगदी बारीक असला तरी." जाड दाराच्या खोलीत त्यांना बसवून तिनं दार लावलं. काचेतून दोघी बघू लागल्या. पांडुरंगराव भराभर बटण दाबत होते.

"अज्जी, मी आवाजच दिला नाही, तरी दाबतायत!"

कमलिनीबाईंनी वाकून पाहिलं. टाच जमिनीवर पडत होती, मान डुलत होती.

"कर्म माझं! अगं, ताल धरलाय त्यांनी. तू थांबलीस तरी बोट समेवर पडणारच."

पूजिता हसली. मग तिनं आवाजांमधली सारखी अंतरं मोडली. कधी लगेच, कधी खूप वेळानं. बोट अडखळलं, थांबलं. भजन मध्येच थांबावं आणि टाळ हातातच राहावेत, तसा तो माणूस काचेमागे बसून राहिला. कमलिनीबाईंचा राग क्षणभर कुठे गेला, त्यांनाच कळलं नाही.

आलेखावर बोट ठेवत पूजिता म्हणाली, "हा खड्डा मशिनींच्या आवाजाचा. पुढची घसरण वयाची. जाड आवाज येतात, बारीक येत नाहीत. म्हणून बोलणं ऐकू येतं, पण शब्द लागत नाहीत. पुढच्या आठवड्यात यंत्र लावून बघू."

"पुढच्या आठवड्यात?" कमलिनीबाईंनी खोलीकडे पाहिलं. "यातला आवाज बाहेर जात नाही ना?"

"नाही, अज्जी."

"मग जरा मला आत सोड."

दार लावून त्या नवऱ्यासमोर बसल्या आणि घसा फाटेस्तोवर ओरडून गुंजनचं सगळं सांगितलं. भिंतींनी ते गिळून टाकलं. बोलणं संपलं तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

पांडुरंगराव उसळले, "पोरीनं एवढं सोसलं, आणि मला आज सांगतेस?"

"साकु हो, पुरे! येऊ दे का तिला, तेवढं बोला!"

"विचारतेस काय? मीच आणतो."

त्यांनी दार ढकललं आणि बाहेर येत पूजिताला विचारलं, "कृष्णराजनगरची बस आत्ता मिळेल ना? लेकीला कायमची घरी आणायचीय!"

बाकावर बसलेल्यांपैकी ज्यांचे कान धड होते, त्या सगळ्यांना ते ऐकू गेलं. कमलिनीबाईंनी कपाळावर हात मारला आणि पिशवी उचलून त्यांच्यामागे निघाल्या.